दुसऱ्याच्या मापाची सायकल

सुरुवात काकींपासूनच करायला हवी. ठाकुर्लीला ज्यांच्या चाळीत मी भाड्याची खोली घेऊन राहतो, त्या काकी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, फिजिओच्या मॅडमनी व्यायाम दाखवला, सरांनी सायकल दिली, सगळ्यांचे उपकार आहेत आणि मी कोणाचेच विसरलेलो नाही. पण रोज संध्याकाळी माझं डोकं दोन हातांत धरून जी बाई बसली, ती काकी. हे आधी सांगून टाकतो. पुढचं सांगताना माझी गडबड होते आणि जे सांगायचं तेच राहून जातं.

काकी इथल्याच, आगरी. त्यांच्या सासऱ्यांची मिठागरं होती, खाडीकडे. आता मिठागरं नाहीत, जमिनीही बऱ्याचशा गेल्या, त्यावर इमारती आल्या. ही एक बैठी चाळ तेवढी उरली, तिच्या टोकाच्या खोलीत काकी एकट्या राहतात. मुलगा, सून आणि नातवंडं डोंबिवलीत टॉवरमध्ये. मी पहिल्यांदा खोली बघायला आलेलो तेव्हा काकींनी मला वरून खाली बघितलं आणि विचारलं, "कवरा लांबून आलास रं?" मी म्हटलं, किनवटच्याही पुढे. त्यांना किनवट माहीत नव्हतं. "त्या गुजरातला का?" म्हणाल्या. मी म्हटलं, नाही, उलट्या बाजूला. "असूदे," म्हणाल्या, "जेवलास का?"

मी नववीत शाळा सोडली. नापास झालेलो, आणि पुन्हा त्याच वर्गात बारक्या पोरांबरोबर बसायची लाज वाटली. एवढंच कारण. लोकांना काहीतरी मोठं कारण ऐकायचं असतं, ते माझ्याकडे नाही. पण त्या एका लाजेपायी पुढे किती दारं बंद झाली, ते मला ठाण्याला आल्यावर कळलं.

काम मिळालं ते बाळकुमच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये. तिथं क्लबहाउस आहे, त्यात जिम. मी जिममध्ये साफसफाईला. लोक डंबेल्स वापरून जिथं तिथं टाकतात, ती उचलून जागेवर लावायची, आरसे पुसायचे, ट्रेडमिलच्या पट्ट्याखाली साचलेली धूळ काढायची. हळूहळू मला सगळं समजायला लागलं. कोणता व्यायाम कशाला, कोण चुकीचं करतंय. मी बोलायचो नाही कुणाला. पण ट्रेनर सुट्टीवर असला की वयस्क लोक मलाच विचारायचे, "अरे, हे मशीन कसं लावायचं रे?" मी लावून द्यायचो. मला ते फार आवडायचं. माणसाला काहीतरी येतंय आणि दुसऱ्याला त्याचा उपयोग होतोय, याच्यासारखं सुख नाही.

मग बातमी आली की ट्रेनरच्या हाताखाली एक असिस्टंट घेणार आहेत. मी चार दिवस धीर गोळा केला आणि कमिटीतल्या एका सरांना विचारलं. हे सर रिटायर्ड, पण रोज पळणारे. कॉम्प्लेक्समधल्या लोकांचा त्यांनी एक ग्रुप केलेला, दर रविवारी पहाटे सगळे मिळून लांब पळायला जायचे. सर उंच, काटक, सहा फुटांच्या वर. बोलायला सरळ.

"शिक्षण किती?" त्यांनी विचारलं.

"नववी."

"पास?"

मी हातातल्या फडक्याची घडी घातली.

"बघ, असिस्टंटला सर्टिफिकेट लागतं. आणि सर्टिफिकेटच्या कोर्सला दहावी लागते." मग माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "पळतोस का तू?"

मी म्हटलं, गावाकडे पळायचो.

"मग फुल मॅरेथॉन पळ. अख्खी. मेडल घेऊन ये. माझ्या कमिटीत सगळे पळणारे आहेत, कागदापेक्षा त्यांना मेडल कळतं. मी बोलतो त्यांच्याशी."

एवढ्या एका वाक्यावर मी पुढचे महिने काढले. घरी फोनवर आईला सांगून टाकलं की मी ट्रेनर होणार आहे. आईला ट्रेनर म्हणजे काय ते नीट कळलं नाही. तिनं शेजारणीला सांगितलं की पोरगा शिकवायला लागलाय. मी ते दुरुस्त केलं नाही. म्हटलं, होईलच ते खरं, तेव्हा कशाला.

सरांनीच माझं नाव मॅरेथॉनला घातलं. आणि सायकलही त्यांनीच दिली. त्यांचं म्हणणं, रोज नुसतं पळून गुडघे खराब होतात, सायकलनं दम वाढतो. त्यांच्या पार्किंगमध्ये एक जुनी रेसची सायकल धूळ खात पडलेली. पातळ टायर, बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल. "घेऊन जा, वापर," म्हणाले. मी ती धुतली, पुसली, चेन साफ केली. बसलो तर पाय जमिनीला टेकेनात. सीट सरांच्या उंचीला लावलेली. माझी उंची त्यांच्या खांद्यापर्यंतही नाही. पॅडलवर फक्त चवडे पोचायचे, आणि हँडल एवढं लांब नि खाली की अंग अर्धं मोडून घोड्यावर पालथं पडल्यासारखं व्हायचं. समोरचं बघायचं तर मान मागे दुमडून वर करायची.

आता कुणीही म्हणेल, मग सीट खाली का नाही केलीस?

नाही केली. दुसऱ्याची वस्तू आहे. माणसानं विश्वासानं दिली, आपण तिचे स्क्रू फिरवायचे? उद्या सरांनी परत मागितली आणि बघितलं की यानं मोडतोड केलीय, तर काय वाटेल त्यांना? आमच्याकडे कुणाची बैलगाडी आणली तरी जुवाचं जोतं जसं होतं तसंच बांधून परत करायचं, अशी शिकवण. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. मिळालेली गोष्ट आपल्या हातून बिघडेल आणि मग कुणी काहीच देणार नाही, अशी. ही भीती माझ्या अंगातच आहे, कुठून आली माहीत नाही.

तर मी ठाकुर्लीहून बाळकुमला सायकलनं जायला लागलो. मोठागावचा नवा पूल झाला तेव्हापासून रस्ता जवळचा झालाय. पूल ओलांडायचा, माणकोलीच्या गोदामांमधून ट्रकच्या कडेकडेनं निघायचं, काल्हेर, कशेळी, मग खाडीवरचा पूल, उतरलं की बाळकुम. ड्युटी संपली की कोलशेत रोडला पळायचं, आणि पुन्हा सायकलनं घरी. पहिले काही दिवस मी हवेतच होतो. पुलावर वारा लागायचा आणि वाटायचं, आपलंही काहीतरी चाललंय.

रविवारचं काम वेगळं. रविवारी ग्रुप पळायचा आणि मी त्यांच्या पुढे सायकलवर. सरांनीच बसवून घेतलेल्या मागच्या कॅरियरला दोन्ही बाजूंना पिशव्या, त्यात पाण्याच्या बाटल्या, लिंबू-मिठाचं पाणी, केळी. पळणाऱ्याच्या वेगानं सायकल चालवणं फार अवघड असतं. तोल जातो. आणि सारखं मागे वळून बघायचं, कुणी मागे पडलं का, कुणाला पाणी हवंय का. एक हात हँडलवर, मान उजव्या खांद्यावरून मागे.

"अरे, बाटली!"

"मागे बघ रे, मॅडम आल्या का?"

"केळं दे. सोलून दे ना, हात घामेजलेत."

आणि एक काका होते, ते दर रविवारी तोच विनोद करायचे, "काय रे, सारखं मागे बघतोस, घर सोडून आलास का पळून?" सगळे हसायचे. मीही हसायचो. खरं म्हणजे तसंच होतं.

गणपती झाले आणि मान धरायला लागली. आधी कवटीच्या खाली एक चिमटा, बस्स. मग तो चिमटा उतरून खांद्याच्या फऱ्यापर्यंत गेला. मी बाम लावला. मग सकाळी उठताना डोकं हातानं उचलून उशीवरून काढावं लागायला लागलं. नवरात्रात उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि त्याच्या बाजूच्या बोटाला मुंग्या यायला लागल्या. डंबेल उचलताना एकदा ते निसटलं, माझ्याच पायाजवळ पडलं. ट्रेनर म्हणाला, "झोपेत आहेस काय रे?" मी सॉरी म्हटलं आणि पटकन बघितलं की कमिटीतलं कुणी बघतंय का.

काकींना सांगितलं नव्हतं. त्यांनी बघितलं. मी नळावर पाणी भरत होतो, त्यांनी मागून हाक मारली, आणि मी नुसती मान न वळवता अख्खा वळलो, पोलिस परेडमध्ये वळतात तसा.

"काय रं, मान मोरली काय?"

"नाही काकी, अशीच जरा."

"अशीच जरा मंजे? बस हितं."

त्यांनी तव्यावर जाडं मीठ गरम केलं, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलं आणि मानेवर दाबून धरलं. चटका बसला, पण मग इतकं बरं वाटलं की मला बोलता येईना. घर सोडल्यापासून माझ्या डोक्याला कुणी हात लावलेला नव्हता. काकी मात्र बोलत होत्या. त्यांचे सासरे मिठागरात दिवसभर वाकून मीठ ओढायचे, त्यांची कंबर अशीच जायची, सासू अशीच शेकायची. "पन त्ये ढोरासारखा राबायचे. तू काय करतंस? मशीन पुसतंस ना?"

मी सायकलचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काकीच मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. मी नको म्हणत होतो. रांगेत माझ्यापुढे त्या उभ्या. एक्स-रे झाला. डॉक्टर तरुण होते, चांगले होते, त्यांनी नीट समजावलं. मणक्यांच्या मध्ये नस दाबली जातेय. सायकल बंद, पळणं बंद, पट्टा लावा, व्यायाम करा, मग बघू.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दोन-तीन महिने तरी धरा."

मॅरेथॉन जानेवारीत होती. काकी म्हणाल्या, "बंद मंजे बंद. मी बघते ना याला."

फिजिओच्या मॅडमनी व्यायाम दाखवला. त्यातला एक असा होता की दुसऱ्या माणसानं माझ्या कपाळावर तळवा ठेवायचा, मी कपाळ पुढे ढकलायचं, त्यानं अडवायचं. मान जराही हलता कामा नये, नुसता जोर लावायचा. मग मागून तसंच. मग दोन्ही कानांवरून. मॅडमनी विचारलं, "घरी कोण आहे करायला?" मी म्हणणार होतो, कुणी नाही. काकी आधीच बोलल्या, "मी हाय."

मग रोज संध्याकाळी हेच. मी कामावरून आलो की काकींच्या खोलीत खाली बसायचं, त्या मागे पलंगावर. समोर टीव्ही. "आथा ढकल." मी ढकलायचो. "सोड." सोडायचो. पण सीरियलमध्ये काही भांडण वगैरे लागलं की काकी "सोड" म्हणायला विसरायच्या. मी आपला ढकलतोय, डोळे बाहेर यायची वेळ, आणि त्या टीव्हीतल्या सुनेला शिव्या देतायत.

"काकी!"

"थांब रं, ती आथा थोबारीत मारंल बग त्याच्या."

"काकी, मान!"

"अगो बाय! सोड सोड."

आणि मग आम्ही दोघं हसायचो. हसलं की मानेत कळ यायची.

सायकल मी बंद केली नाही. पळणंही नाही. काकी ओरडायच्या. मी त्यांना मेडलचं सांगितलं, नववीचं सांगितलं, आईनं शेजारणीला सांगितलेलं तेही सांगितलं. त्या ऐकून बाहेर गेल्या आणि सायकलकडे बघत उभ्या राहिल्या. "बसून दाखव," म्हणाल्या. मी बसून दाखवलं.

"ह्ये काय? ही तुझे मापाची हाय तरी का?"

"सरांच्या मापाची आहे."

"मंग खाली कर ना सीट."

"त्यांची आहे, काकी. कसं करणार?"

काकींनी कपाळाला हात लावला. "सायकल त्याची असंल. मान तं तुझी हाय ना?"

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला त्यांनीच बोलावून आणलं. मी बाजूला उभा, नको नको करत. त्यानं पाना लावला, सीट खाली घेतली, थोडी पुढे सरकवली. मी आधी त्याला थांबवून सीटच्या दांड्यावर, मूळ उंचीला, पांढरी चिकटपट्टी गुंडाळून घेतली होती. तो म्हणाला, "ही कशाला?" मी म्हटलं, खूण असावी. बसलो. पाय टेकले. समोर बघायला मान मोडावी लागेना. मला रडू आलं, इतकं सोपं होतं ते.

आणि आता जे सांगतोय ते माझं मलाच कळत नाही, मी असं का केलं. रविवारी सर असायचे. माझ्या शेजारी शेजारीच पळायचे कितीतरी वेळ. त्यांनी सीट खाली आलेली बघितली तर? म्हणून मी एक पाना विकत घेतला. शनिवारी कामावरून निघायच्या आधी, कॉम्प्लेक्सच्या पार्किंगमध्ये, सीट पुन्हा पांढऱ्या पट्टीपर्यंत वर करायचो. तशीच चालवत घरी यायचो, अंधारात चाळीच्या मागे लावायचो, तशीच रविवारी पहाटे घेऊन जायचो. रविवारचा लांबचा पल्ला, ते मागे वळून वळून बघणं, सगळं त्या उंच सीटवर. सोमवारी सकाळी पुन्हा खाली. काकी रविवारी मुलाकडे जायच्या, त्यांना दिसायचं नाही.

मानेचा पट्टाही तसाच. घरून निघताना लावायचा, कशेळीच्या पुलावर काढून पिशवीत टाकायचा. दुखणारा माणूस असिस्टंट म्हणून कोण घेईल?

दिवाळीत थोडं बरं वाटलं. ग्रुपला सुट्टी होती दोन रविवार, म्हणून. तेव्हा हे लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. काकींना वाटलं, त्यांच्या हाताला गुण आला. "बगितलंस?" म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं. मी आईला फोनवर सांगितलं, सगळं छान आहे.

डिसेंबरात पुन्हा सुरू झालं ते थांबलंच नाही. आता पळतानाही खांदा आपोआप कानाकडे चढायचा. काकी तळवा ठेवायच्या कपाळावर, मी ढकलायचो, आणि त्यांच्या लक्षात यायचं की जोर कमी होतोय. "काल याच्यापरीस बरा होता रं. आज काय झाला?" सोमवारी तर हमखास विचारायच्या. मी म्हणायचो, थंडीनं.

मॅरेथॉनच्या दिवशी अंधारातच सुरुवात झाली. एवढी माणसं मी एकत्र पळताना बघितली नव्हती. अर्ध्यापर्यंत मी चांगला पळलो, खरंच चांगला पळलो. पायांची काहीच तक्रार नव्हती. लोक कडेला उभे राहून टाळ्या वाजवत होते, एका आजोबांनी संत्र्याची फोड दिली. मग उजवा हात जड व्हायला लागला. मग तो माझा आहे असंच वाटेना. मान खाली जायला लागली, डांबर तेवढं दिसायचं, आणि पुढच्याचे बूट. वर बघायला गेलो की डोळ्यांसमोर पांढरं. मी चाललो. पुन्हा पळलो. पुन्हा चाललो. एका पाण्याच्या टेबलाजवळ ग्लास धरायला गेलो तर बोटं मिटलीच नाहीत, ग्लास पडला. तिथल्या पोरीनं दुसरा दिला, तो मी डाव्या हातानं घेतला, आणि फुटपाथवर बसलो. जरा वेळ म्हणून बसलो. उठता आलं नाही. म्हणजे पाय उठायला तयार होते. डोकं उचललं जात नव्हतं.

मागून एक बस येते, ज्यांचं होत नाही त्यांना गोळा करत. ती आली. आत सगळे खाली बघत बसलेले. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, त्यांच्या पायाला फोड आलेले. त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी." मी मान हलवायला गेलो आणि हलवता आली नाही. त्यांना वाटलं असेल, हा उद्धट आहे.

संध्याकाळी काकी मुलाकडून मुद्दाम लवकर आल्या होत्या. दारातच उभ्या. त्यांनी माझ्या गळ्याकडे बघितलं. काहीच नव्हतं तिथं. त्यांनी विचारलं नाही. "ये, बस," म्हणाल्या, आणि कपाळावर हात ठेवला. "ढकल." मी ढकलू शकलो नाही. त्यांनी हात तसाच ठेवला. टीव्ही त्या दिवशी लावला नाही.

त्या आठवड्यात मी सायकल परत करायला गेलो. सीट पांढऱ्या पट्टीपर्यंत वर केली, धुतली, तेल घातलं. सर पार्किंगमध्ये भेटले.

"हे काय? परत कशाला आणलीस?"

"तुमची होती ना सर."

"अरे, तुलाच दिलेली. मी काय करू तिचं?" मग त्यांना ती पट्टी दिसली. "हे काय लावलंयस?"

मी सांगितलं. शनिवारी वर, सोमवारी खाली. सांगताना माझाच आवाज मला दुसऱ्याचा वाटत होता.

सरांनी पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "दर रविवारी? वेडा आहेस का रे तू? मला विचारायचं नाही का? मी किती वेळा बघितलं, तू सीटवर डुलत डुलत चालवतोस, म्हटलं याला अशीच आवडत असेल. मी कशाला बोलू?"

ते रागावले नव्हते. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. तेच जास्त लागलं. त्यांनी आधीच काही मनाई केली असती, तर निदान मला राग धरायला काहीतरी राहिलं असतं.

असिस्टंट म्हणून एक मुलगा आला. सर्टिफिकेट असलेला, चांगला आहे, मला दादा म्हणतो. "कागद लागतोच रे शेवटी," सर म्हणाले, "आणि मेडल असतं तर मी भांडलो असतो." असते भांडले. ते खोटं बोलत नाहीत. मी अजून आरसे पुसतो. जड काही उचलत नाही, तो मुलगाच उचलून ठेवतो, कुणाला कळू न देता. हे किती दिवस चालेल माहीत नाही. डॉक्टर म्हणतात, बोटांची ताकद पूर्ण येईलच असं सांगता येत नाही. पळणं संपलं. आईला अजून सांगितलेलं नाही. ती विचारते, "काय शिकवलंस आज?"

काकींना मात्र मी सगळं सांगितलं, रविवारच्या सीटचं. एवढे महिने ज्या बाईनं हातानं मान धरली, तिला खोटं सांगून कसं चालेल? त्या भाजी निवडत होत्या. हातातली जुडी तशीच राहिली.

"मंजे मी सा दिस सारखी करायची, नि तू सातव्या दिसाला मोरायचास?"

त्यांनी जुडी खाली ठेवली.

"नि मी आपली वेऱ्यासारखी बोलते, माझे हाताला गुन हाय."

त्या दिवशी त्या माझ्याशी जेवेपर्यंत बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता खोली सोडायला सांगतील. जेवण झाल्यावर दारात आल्या, म्हणाल्या, "चल. बस." आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आधीपेक्षा हलक्या हातानं. मला त्याचा अर्थ कळला. आता बरं करायचं नव्हतं, आहे ते सांभाळायचं होतं.

आता चाळ बिल्डरला गेली. काकींच्या मुलानं सही केली, त्याचंही काही चुकलं नाही, भिंतींना ओल आलीय, पत्रे गळतात. पावसाळ्याच्या आत सगळ्यांनी खोल्या रिकाम्या करायच्यात. मी कळव्याला एक जागा बघितलीय, तिघांमध्ये. काकी मुलाकडे जातील, टॉवरमध्ये, वरच्या मजल्यावर. त्यांना लिफ्टची भीती वाटते. एकट्या आत पाऊल टाकत नाहीत, दार बंद झालं की श्वास कोंडतो म्हणतात. मुलगा-सून दिवसभर कामाला, नातवंडं शाळेत. म्हणजे त्या सकाळी वर असतील त्या संध्याकाळपर्यंत वरच.

परवा त्या भांडी बांधत होत्या. मी मदत करत होतो, डाव्या हातानं. त्या एकदम म्हणाल्या, "थय कोन हाय माझा? खिरकीतून गारया बगत बसायच्या." मग लगेच, "नि तुझी मान कोन धरील रं?"

मी पुढचं भांडं उचललं. मेडल नाही, कागद नाही, हाताची बोटं अर्धी झोपलेली. ज्याच्या जोरावर कुणाला काही द्यावं असं माझ्यापाशी आज काहीच नाही, आणि उद्या असेल असं वाटतही नाही. तरी हे लिहून ठेवतो, कारण तोंडानं सांगायला मला जमणार नाही. काकी, मी हे फेडीन. कसं ते माहीत नाही, पण फेडीन. निदान एवढं तरी एक दिवस करीन, त्या टॉवरमध्ये वर येईन, वॉचमननं अडवलं तर भांडून येईन, तुमचा हात धरून लिफ्टमध्ये उभा राहीन, आणि खाली पोचेपर्यंत सोडणार नाही.